चिमुकल्या हातांची पुस्तकं

अडीच-तीन वर्षांच्या मुलाला कुठलं पुस्तक द्यावं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्या बहुतेक तरुण आया असतात, अधूनमधून एखादी आजीही असते. दुकानात गेलं की बटण दाबताच बेडकाचा आवाज काढणारी, चकचकीत, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं समोर येतात. अक्षरं शिकवणारी, आकडे शिकवणारी, दात घासायला शिकवणारी. सगळी काही ना काही शिकवणारीच!

अशा वेळी मला एका बाईची आठवण होते. मुलांसाठी पुस्तक लिहायचं, असं ठरवून ती बसली नव्हती. ओळखीतला एक पाच वर्षांचा मुलगा आजारी होता. त्याला पत्रात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तिनं चार सशांची गोष्ट रचली आणि शेजारी चित्रं काढून पाठवून दिली. त्या पत्राचं पुढे पुस्तक झालं आणि शंभराहून अधिक वर्षं जगभरातल्या आया ते मुलांना मांडीवर घेऊन वाचत आल्या आहेत. पुस्तक ‘पीटर रॅबिट’चं आणि ही बाई म्हणजे बिअॅट्रिक्स पॉटर.

तिचा जन्म २८ जुलै १८६६चा, लंडनमधला. घराणं श्रीमंत. आजोबांनी छापील सुती कापडाच्या धंद्यात भरपूर पैसा केलेला, त्यामुळे बॅरिस्टर असूनही वडिलांना पोटासाठी वकिली करायची गरज नव्हती. घरात नोकरचाकर होते, पण लेकरांच्या वाट्याला आली ती वरच्या मजल्यावरची खोली. मुलीला शाळेत पाठवायचं नाही, शिक्षिकेनं घरी येऊन शिकवायचं, अशी तेव्हाच्या बड्या घरांची रीत. भाऊ बर्ट्रम तिच्याहून साडेपाच वर्षांनी धाकटा. तो मोठा झाल्यावर शाळेत गेला आणि ही पुन्हा एकटी पडली.

एकटी म्हणायचं, पण त्या खोलीत गर्दी बरीच होती. ससे होते, उंदीर होते, बेडूक, पाली, वटवाघूळ आणि हेजहॉग नावाचा अंगभर काटे असलेला छोटा प्राणीही होता. दोघं बहीण-भाऊ या प्राण्यांना पाळत, न्याहाळत आणि त्यांची चित्रं काढत. एखादा प्राणी मेला तर रडून झाल्यावर त्याचा सांगाडा साफ करून हाडं कशी जोडलेली आहेत, तेही बघत. आपल्याला ऐकून शहारा येईल. पण तिच्या सशाला कोट घातला तरी त्या कोटाच्या आत खरा ससाच असतो, त्याचं मूळ इथं आहे.

उन्हाळ्यात सगळं घर स्कॉटलंडला जायचं. १८७१ पासून सलग अकरा उन्हाळे डालगाइझ नावाच्या गावी हे बिऱ्हाड मुक्कामाला असे. नदी, रान, शेतं आणि दिवसभर भटकायची मुभा. आठ-नऊ वर्षांच्या बिअॅट्रिक्सची चित्रांची वही आजही जपून ठेवलेली आहे. तिच्यात सुरवंट आहेत आणि त्यांच्याबद्दलच्या नोंदीही आहेत. दहाव्या वाढदिवसाला तिला जेमायमा ब्लॅकबर्न या चित्रकर्तीचं पक्ष्यांचं पुस्तक मिळालं. खऱ्या पक्ष्यांवरून काढलेली ती चित्रं होती, आणि काढणारी एक बाई होती! लहानपणी हाती पडलेलं एखादं पुस्तक पुढं किती वर्षं सोबत करतं, बघा.

वयात आलेल्या मुलीनं काय करायचं? चांगलं स्थळ यायची वाट बघायची, ते येईपर्यंत आईला घरकामात मदत करायची. बिअॅट्रिक्स मात्र सांकेतिक लिपीत डायरी लिहीत बसली. ती लिपी तिनं स्वतःच शोधून काढलेली. पंधराव्या वर्षाच्या आसपास सुरू झालेली ही डायरी तिशीपर्यंत चालली. ती उलगडायला १९५८ साल उजाडावं लागलं. तेव्हा लेस्ली लिंडर नावाच्या अभ्यासकाला तिची किल्ली सापडली.

स्वतःचे चार पैसे असावेत, असं तिलाही वाटत होतंच. १८९०मध्ये तिनं बेंजामिन या आपल्या सशाला समोर बसवून शुभेच्छापत्रांसाठी चित्रं काढली. एका कंपनीनं ती सहा पौंडांना घेतली आणि फ्रेडरिक वेदर्ली या गीतकाराच्या कवितांच्या छोट्या पुस्तिकेत वापरली. म्हणजे तिची चित्रं पहिल्यांदा छापून आली ती दुसऱ्याच्या कवितांसोबत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

बेंजामिननंतर आला पीटर. लंडनमध्ये साडेचार शिलिंगांना विकत घेतलेला हा ससा शेकोटीपुढं मांजरासारखा पसरायचा. तिच्या शेवटच्या शिक्षिकेचं नाव अॅनी कार्टर. वयानं फक्त तीन वर्षांनी मोठी, त्यामुळे दोघी मैत्रिणीच झाल्या. अॅनी लग्न करून मिसेस मूर झाली. तिला मुलं होत गेली आणि बिअॅट्रिक्स त्यांची लाडकी मावशी झाली. मोठ्या मुलाचं नाव नोएल. १८९३च्या सप्टेंबरमध्ये तो अंथरुणाला खिळून होता आणि बिअॅट्रिक्स स्कॉटलंडमध्ये होती. ४ सप्टेंबरला तिनं त्याला चित्रांचं पत्र लिहिलं. आईचं न ऐकता शेजारच्या माळ्याच्या बागेत घुसणाऱ्या पीटर सशाची गोष्ट त्यात होती. गंमत म्हणजे दुसऱ्याच दिवशी तिनं धाकट्या एरिकला मासे पकडायला निघालेल्या बेडकाची गोष्ट पाठवली. एकाला पत्र आलं आणि दुसऱ्याला नाही, तर घरात काय महाभारत होतं, हे तिला बरोबर ठाऊक होतं!

याच वर्षांत तिला आणखी एका गोष्टीचा ध्यास होता, तो म्हणजे अळंबी. पावसानंतर उगवणाऱ्या छत्र्यांची शेकडो नेमकी चित्रं तिनं काढली. सूक्ष्मदर्शक घेऊन त्यांचे बीजाणू रुजतात कसे, तेही बघितलं. पर्थशरमधला चार्ल्स मॅकिन्टॉश नावाचा पोस्टमन या विषयातला जाणकार होता. तो तिला नमुने पाठवायचा. १ एप्रिल १८९७ रोजी तिचा निबंध लंडनच्या लिनीअन सोसायटीत मांडला गेला. पण तो मांडला दुसऱ्यानं, कारण बायकांना त्या संस्थेत प्रवेशच नव्हता. पुढं तो मागे घेतला गेला आणि छापलाच गेला नाही. तिच्याशी नीट वागलो नाही, अशी कबुली त्या संस्थेनं दिली, ती १९९७मध्ये. पुरी शंभर वर्षं!

विज्ञानाचं दार बंद झालं. मग १९००च्या सुमाराला, मुलांना पाठवलेल्या पत्रांची पुस्तकं होऊ शकतील, असं अॅनीनं सुचवलं. पत्र नोएलनं सात वर्षं जपून ठेवलं होतं. बिअॅट्रिक्सनं ते उसनं मागून घेतलं, उतरवून काढलं, चार प्रसंग वाढवले आणि प्रकाशकांकडे पाठवलं. निदान सहा प्रकाशकांनी ते परत केलं. कुणाला मोठं पुस्तक हवं होतं, कुणाला रंगीत. तिचा हट्ट एकच होता, पुस्तक लहान हवं. लहान मुलाच्या हातात मावेल एवढं आणि साध्या घरातल्या आईच्या खिशाला झेपेल एवढंच महाग. एका पानावर चित्र, समोर दोन-चार ओळी. ऐकणाऱ्याची नजर चित्रावर असताना वाचणारीचं वाचन संपायला हवं आणि पुढं काय होतं, या उत्सुकतेनं पान मुलानंच उलटायला हवं. हे सगळं तिनं मूर मुलांच्या संगतीत शिकून घेतलं होतं. शेवटी १९०१च्या डिसेंबरमध्ये तिनं स्वतःच्या पैशांनी २५० प्रती छापल्या. त्या हां हां म्हणता संपल्या आणि आणखी २०० काढाव्या लागल्या.

आता ती कवितांची गोष्ट. हार्डविक रॉन्स्ली नावाचे एक धर्मगुरू या कुटुंबाचे स्नेही होते. इंग्लंडच्या उत्तरेला लेक डिस्ट्रिक्ट नावाचा तळ्यांचा आणि डोंगरांचा देखणा मुलूख आहे. वर्डस्वर्थ कवीचा मुलूख. हे गृहस्थ तिथले. तिथला निसर्ग वाचवायला धडपडणारे, १८९५मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ उभारणाऱ्या तिघांपैकी एक. स्वतः कवी आणि मुलांसाठी बोधाच्या कविता लिहून छापलेले. पुस्तक कुणी घेत नाही म्हटल्यावर त्यांनी पीटरची अख्खी गोष्ट पद्यात बसवली, तिच्यात सदाचरणाचा उपदेश घातला आणि तिची चित्रं जोडून फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशकांकडे पाठवली. हेतू अगदी चांगला होता हो! पण प्रकाशकांना चित्रं आवडली, कविता नाही. त्यांनी बिअॅट्रिक्सचीच साधी, सरळ वाक्यं मागवून घेतली.

मला या प्रसंगात आपल्यासाठी फार मोठी गोष्ट दिसते. कविता म्हणजे यमक आणि शेवटी बोध, असं आपल्यालाही वाटतंच ना? फुलावरची कविता संपते न संपते तोच फुलासारखं हसत राहा रे बाळा, असं आपण जोडून टाकतो. पत्रातली गोष्ट एका ठरावीक मुलाला सांगितलेली होती. रॉन्स्लींच्या कविता सगळ्या मुलांना उद्देशून होत्या. फरक पडला तो इथं.

याचा अर्थ बिअॅट्रिक्सला कवितेचं वावडं होतं, असं मुळीच नाही. जुनी बडबडगीतं आणि यमकातली कोडी हा तर तिचा जीव की प्राण. तिच्या खारीच्या गोष्टीत ती खार घुबडासमोर कोडी म्हणत नाचते. ‘टेलर ऑफ ग्लॉस्टर’ या शिंप्याच्या गोष्टीत तिनं इतकी जुनी गाणी भरली की प्रकाशकांनी त्यातली बरीचशी काढायला लावली. ते ती ओळखूनच होती, म्हणून आधी तिनं गाण्यांसकट ५०० प्रती स्वतः छापून घेतल्या होत्या! तिची बडबडगीतांची दोन पुस्तकं पुढे १९१७ आणि १९२२मध्ये निघाली. अर्थ न कळताही ताल कळतो, हे तिला ठाऊक होतं. तिला नको होता तो फक्त उपदेश.

१९०२च्या ऑक्टोबरमध्ये वॉर्न कंपनीनं पीटरचं रंगीत पुस्तक काढलं. किंमत एक शिलिंग. पहिली आवृत्ती ८ हजारांची, ती बाजारात येण्याआधीच खपली. वर्ष संपता संपता आकडा २८ हजारांवर गेला.

हे पुस्तक मी लहान मुलांना वाचून दाखवलं की सोबतचे मोठे एका जागी दचकतात. पीटरच्या बाबांना माळ्याच्या बायकोनं शिजवून खाल्लं, हे आई सशीण सुरुवातीलाच मुलांना सांगून मोकळी होते. आया माझ्याकडे बघतात. मुलं मात्र एक क्षण गप्प बसतात आणि पुढचं पान उलटतात. आपल्या काऊ-चिऊच्या गोष्टीत नाही का, कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं आणि वर त्याला चटकाही बसतो! रानात राहायचं तर धोका असतोच. बिअॅट्रिक्सनं तो लपवला नाही, की तिखट-मीठ लावूनही सांगितला नाही.

खरेपणाबद्दल ती किती कडक होती, त्याचा एक नमुना सांगते. केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’ या गाजलेल्या पुस्तकात भेक महाशय केस विंचरतात. ते तिला अजिबात पटलं नव्हतं. बेडकानं पावसाळी बूट घातले तर चालतील, पण केस कुठून आणणार, असं तिचं म्हणणं. कपडे अंगावर चढवता येतात, उतरवताही येतात. अंग मात्र ज्याचं त्याचंच राहिलं पाहिजे. म्हणून तर पीटरचा कोट बागेत अडकून सुटतो, तेव्हा तो चारी पायांवर धूम ठोकणारा साधा ससा होऊन जातो.

पुस्तकांच्या निमित्तानं प्रकाशकांच्या घरातला धाकटा भाऊ नॉर्मन वॉर्न याच्याशी तिचा पत्रव्यवहार वाढला. रोजची पत्रं, चित्रांवरच्या चर्चा, त्याच्या पुतणीसाठी त्यानं बनवलेलं बाहुलीचं घर. त्या घरावरून तिचं एक पुस्तकही झालं. १९०५च्या जुलैमध्ये त्यानं तिला लग्नाची मागणी घातली आणि तिनं होकार दिला. ती ३९व्या वर्षात उंबरठ्यावर उभी होती. आईवडिलांनी विरोध केला, कारण मुलगा धंदेवाल्या घरातला. आजोबांचा कापडाचा धंदा सोयीनं विसरलेले! तिनं अंगठी काढली नाही. पण महिनाभरातच, २५ ऑगस्टला, नॉर्मन रक्ताच्या कर्करोगानं गेला. वय अवघं ३७. जगाच्या लेखी तिचं कुणीच गेलं नव्हतं, त्यामुळे उघडपणे रडायचीही सोय नव्हती.

त्याच वर्षी तिनं लेक डिस्ट्रिक्टमधल्या निअर सॉरी गावात हिल टॉप नावाचं एक शेत विकत घेतलं. पुस्तकांच्या मानधनातून आणि मावशीकडून आलेल्या थोड्या पैशांतून. आईवडिलांची देखभाल करायला लंडनला राहायचं आणि सवड मिळेल तेव्हा शेतावर पळायचं, असं सुरू झालं. दुःखावर तिनं शोधलेलं औषध म्हणजे माती आणि काम. पुढची आठ वर्षं तिची सगळ्यात सुपीक वर्षं ठरली. हिल टॉपचं स्वयंपाकघर, जिना, भाजीचा वाफा, कोंबड्यांची आणि बदकांची गडबड हे सगळं पुस्तकांत उतरलं. आपली अंडी आपणच उबवायचा ध्यास घेतलेली जेमायमा ही बदकीण याच अंगणातली.

आणखी जमीन घेताना तिला विल्यम हीलिस नावाच्या स्थानिक वकिलाची मदत होत होती. शांत, कमी बोलणारा माणूस. घरच्यांनी पुन्हा कुरकुर केली, पण १५ ऑक्टोबर १९१३ रोजी, वयाच्या ४७व्या वर्षी, तिनं त्याच्याशी लग्न केलं. त्यानंतर पुस्तकं कमी होत गेली. डोळे पूर्वीसारखे साथ देत नव्हते, हे एक कारण. आणि मिसेस हीलिस म्हणून गोठ्यात, चिखलात, मेंढ्यांच्या बाजारात वावरण्यात तिला पुस्तकांहून जास्त आनंद मिळत होता, हे दुसरं. डोंगरावर टिकून राहणाऱ्या हर्डविक जातीच्या मेंढ्या तिनं जिद्दीनं वाढवल्या, प्रदर्शनांत बक्षिसं मिळवली. या मेंढ्या पाळणाऱ्यांच्या संघटनेनं तिला अध्यक्ष म्हणून निवडलंही होतं, पण पद हाती घेण्याआधीच ती गेली.

पुस्तकांतून पैसा येत राहिला आणि ती जमीन घेत राहिली. मिरवायला नव्हे. सुट्टीच्या बंगल्यांसाठी त्या डोंगरउतारांचे तुकडे पडू लागले होते. १९२३मध्ये तिनं ट्राउटबेक पार्क हे मोठं शेत घेतलं. १९३०मध्ये सुमारे ४ हजार एकरांची जमीन विक्रीला निघाली, ती तिनं पूर्ण घेतली आणि त्यातली अर्धी नॅशनल ट्रस्टला मूळ किमतीला दिली. हो, रॉन्स्लींनी उभारलेली तीच संस्था. त्यांच्या कविता तिच्या पुस्तकात आल्या नाहीत, पण त्यांचा विचार तिनं आयुष्यभर चालवला.

२२ डिसेंबर १९४३ रोजी, वयाच्या ७७व्या वर्षी बिअॅट्रिक्स गेली. ४ हजार एकरांहून जास्त जमीन आणि १४ शेतं तिनं ट्रस्टच्या नावे केली होती. आजही तिथं हर्डविक मेंढ्या चरतात. तिची राख विश्वासू मेंढपाळानं हिल टॉपजवळच्या डोंगरात पसरली. नेमकी कुठे, ते त्यानं गुपित ठेवलं.

तिला स्वतःचं मूल नव्हतं. मूल झालं की बाईला आपोआप गोष्ट सांगता येते, असं आपण समजतो. तिच्याकडे बघितलं की वाटतं, त्याला दोनच गोष्टी लागतात. समोरच्या मुलाकडे नीट लक्ष आणि समोरच्या किड्यामुंगीकडेही तितकंच लक्ष.

म्हणून कुठलं पुस्तक घेऊ, असं विचारणाऱ्या मैत्रिणींना मी सांगते, पुस्तक असं घ्या की जे त्याला एकट्याला उचलता येईल. चित्रातली चिमणी चिमणीसारखी दिसते ना, एवढं बघा. वाचताना ते एकाच पानावर पाच मिनिटं थांबलं तर थांबू द्या, आपण पुढे ढकलू नका. बालकवींची किंवा शांताबाई शेळक्यांची एखादी निसर्गाची कविता नुसती म्हणा, अर्थ सांगत बसू नका. नादावरच ते झुलेल. अर्थ पुढं कधीतरी त्याचा तोच येऊन भेटेल. आणि पुस्तक मिटल्यावर त्याला खाली अंगणात न्या. अंगण नसेल तर सोसायटीच्या कुंपणाशी न्या. मुंग्यांची रांग, खाली पडलेली लिंबोळी, भिंतीवरची गोगलगाय, काहीतरी असतंच.

बिअॅट्रिक्सनं मुलांच्या हातात पुस्तक ठेवलं आणि त्या पुस्तकातला डोंगर विकू दिला नाही. आपल्या हातात डोंगर नसेल. पण फरश्या बसवताना सोसायटीतला कडुनिंब तोडायचा ठराव येतो, तेव्हा हात वर करायचा की खाली ठेवायचा, हे तर आपल्याच हातात आहे. चित्रातली खार दाखवून झाल्यावर मूल खरी खार बघायला मागणारच. ती त्याला दाखवता आली पाहिजे!